कित्याक?

दाजींच्या दुकानाच्या कुलपाला दोन भोकं होती. एक किल्लीचं, आणि दुसरं त्याच्या शेजारी, तांदळाच्या कणीएवढं. मी तेव्हा तिसरीत होते. शाळेच्या वाटेवर पावसाची सर जोरात आली म्हणून त्यांच्या पायरीवर चढले, तर दाजी मानेत छत्री अडकवून किल्ली फिरवत होते. कुलूप निघालं तसं त्यांनी ते माझ्या तळहातावर उलटं ठेवलं आणि विचारलं, "ह्या दुसरा भोक कित्याक गे?"

मला ते तोवर कधी दिसलंच नव्हतं. आमच्या घरच्या कुलपालाही तसंच भोक आहे, हे मी संध्याकाळी घरी जाऊन पाहिलं आणि चकित झाले. दाजींनी उत्तर दिलं नव्हतं, "बघ आधी" एवढंच म्हणाले होते. मग मी न्हाणीघरातून तांब्याभर पाणी आणून कुलपावर ओतलं. कडीच्या फटीतून आत गेलेलं पाणी त्या भोकातून थेंब थेंब बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी शाळेआधी धावत जाऊन सांगितलं, "पाणी भायर जावक, दाजीनू!" त्यांनी मान डोलावली, तेलाची कुपी काढली, त्याच भोकात एक थेंब सोडला आणि म्हणाले, "आणि तेल भितर जावक. कोणीतरी इचार केल्यान हा."

दाजींचे माझ्याकडे १८ रुपये राहिले आहेत. ते कसे राहिले ते सांगायचं तर आधी दुकानाबद्दल सांगायला हवं.

सावंतवाडीत उभ्या बाजारातून आत वळल्यावर एका जुन्या माडीखाली त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आठ फुटांची खोली. समोर टेबल, टेबलावर मान वाकडी केलेला दिवा, आणि मागे छतापर्यंत उघडे पडलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर, पुढे पुढे टीव्ही. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. सोल्डरिंगच्या राळेचा गोडसर धूर कपड्यांना लागायचा, आणि आईला मी शाळेतून सरळ घरी आले नाही हे त्या वासावरून कळायचं. आमच्याकडचा पाऊस यंत्रांचा वैरी. जूनमध्ये भिंतींना पाणी सुटतं आणि ऑगस्टपर्यंत लोखंडाची म्हणून जी वस्तू असेल ती तांबूस होते. रेडिओचा आवाज कमीजास्त करताना खरखर येते, ती आतल्या पट्टीवर साचलेल्या घाणीची. दाजी तिथे औषधाचा थेंब सोडत, बटण पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवत आणि गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घेत नसत.

आमच्या घरी खिडकीत एक ट्रान्झिस्टर होता. त्यावर पणजी केंद्र लागायचं, पण कधी स्पष्ट, कधी तळ्याच्या पलीकडून कोणी बोलावं तसं. बाबा म्हणायचे, हवा खराब आहे. मी तो दाजींकडे नेला. त्यांनी उघडला नाही. पणजी लावलं, रेडिओ टेबलावर ठेवला आणि गोल फिरवायला सुरुवात केली, जात्याच्या पाळीसारखा, सावकाश. आवाज हळूहळू बारीक झाला, एका जागी जवळजवळ नाहीसा झाला, आणि पुढे फिरवल्यावर परत आला. मला वाटलं आत काहीतरी सैल झालंय. मग त्यांनी पाठ उघडून आतली काळी कांडी दाखवली, बोटाएवढी जाड आणि तांब्याच्या बारीक तारेने गुंडाळलेली. लांब उघडणारी चकचकीत काठी आपण ओढून बाहेर काढतो, तिचा मीडियम वेव्हशी काही संबंध नसतो. मीडियम वेव्ह ऐकते ती ही कांडी. केंद्राकडे तिची कूस असेल तेव्हा ती उत्तम ऐकते. टोक केंद्राकडे वळलं की तिला ऐकू येईनासं होतं.

"मगे पणजी खंय ती सांग," दाजी म्हणाले.

मी रेडिओ पुन्हा फिरवला, आवाज मेला तिथे थांबवला आणि त्याच्या लांबीच्या रेषेत बोट धरलं. बोट बाजाराच्या पलीकडे, बांद्याच्या दिशेला गेलं. दाजींनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. सावंतवाडीहून पणजी सरळ दक्षिणेला आहे. वर्गात आम्ही गोव्याच्या राजधानीचं नाव पाठ केलं होतं, पण ती कुठल्या बाजूला आहे हे मला एका रेडिओच्या गप्प बसण्यावरून कळलं. घरी येऊन मी खिडकीतला ट्रान्झिस्टर पूर्व-पश्चिम ठेवला. आमच्या घरी तो आजही तसाच असतो, आणि झाडलोट करताना कोणी फिरवला तर आई न बोलता पूर्ववत करते.

त्यांच्या शिकवण्याची रीत हीच होती. आधी बघायचं, हात नंतर. बंद पडलेला रेडिओ आला की गिऱ्हाईक म्हणे, "कायतरी जळला वाटता, बदलून टाका." दाजी काहीच बदलत नसत. "खंय थांबला ता बघूया," म्हणत. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर असेल तर ते आवाजाच्या बटणामागच्या तीन पायांपैकी मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावत आणि बोट त्याच्या पात्यावर टेकवत. आपलं अंग घरातल्या विजेच्या तारांची गुणगुण सतत झेलत असतं. ती बोटातून, पात्यातून आत जायची आणि स्पीकरमधून "गुंऽऽ" असा आवाज यायचा. आला, म्हणजे तिथून पुढचं सगळं ठीक, रोग अलीकडे. नाही आला, म्हणजे रोग पलीकडे. एका टोचणीत अर्धा रेडिओ निर्दोष सुटायचा. मला त्यांनी हे बॅटरीच्या सेटवरच करू दिलं. विजेवरच्या जुन्या वाल्वच्या रेडिओला हात लावायची परवानगी कधीच मिळाली नाही, आणि त्याचं कारण त्यांनी आपल्या अंगठ्यावरचा पांढरा व्रण दाखवून सांगितलं होतं.

आता मी पुण्यात रुग्णालयातल्या यंत्रांच्या देखभालीचं काम करते. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली की आसपासची माणसं घाबरतात, आणि ते योग्यच आहे. मी आधी पेशंटकडे बघते, मग चिकटवलेल्या पट्टीकडे, मग वायरकडे, मग यंत्राकडे. शिक्षण इंजिनिअरिंग कॉलेजात झालं, पण हा क्रम तिथला नाही.

मधल्या वर्षांत "कित्याक"ने मला अक्षरशः झपाटलं. आईच्या कुकरचं झाकण वरून न बसता तिरकं करून आत का घालायचं? हॉकिन्सच्या कुकरचं तोंड किंचित लांबट असतं म्हणून झाकण आत जाऊ शकतं, आणि आत वाफ कोंडली की तीच झाकणाला खालून दाबून धरते. वाफ असेपर्यंत कोणी ओढलं तरी ते निघत नाही. क्रीम नसलेल्या बिस्किटांना भोकं का? भट्टीत वाफ बाहेर पडावी आणि बिस्कीट फुगून पुरीसारखं होऊ नये म्हणून. रविवारी मी अशी चार उत्तरं घेऊन जायची आणि दाजी एखादं खोडून काढायचे.

एका प्रश्नाला मात्र त्यांनी वेगळं उत्तर दिलं. कॅसेटच्या चाकाला आत सहा दात असतात आणि नटराजच्या पेन्सिलीला सहा बाजू, म्हणून पेन्सिल आत घालून फिरवली की लोंबणारी पट्टी गुंडाळली जाते. हे कोणी योजलं असेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, हे कोणी योजलेलं नाही, ते जुळलं. सगळ्याच गोष्टींच्या मागे कोणीतरी बसलेलं असतं असं समजू नकोस. माझ्या पिढीने त्या पेन्सिलीवर जेवढं प्रेम केलं तेवढं कुठल्याच अवजारावर केलं नसेल.

कॅसेटच्या आकाराची गोष्ट मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाली आणि ती दाजींना सांगताना मला फार आनंद झाला. फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स नावाचे डच अभियंते होते. मोठ्या चाकांच्या टेपरेकॉर्डरला कंटाळून त्यांनी एक लाकडाचा ठोकळा तासून घेतला, कोटाच्या खिशात मावेल एवढा, आणि ठरवलं की यंत्र याहून मोठं असता कामा नये. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती कॅसेट जगापुढे आली. तो ठोकळा पुढे हरवला. गाडीचं चाक बदलताना ओटेन्सनी तो जॅकखाली आधाराला घेतला होता, असं सांगतात. दाजी ऐकून गप्प राहिले. मग म्हणाले की चितारआळीत आपली माणसं लाकडाची केळी आणि आंबे करतात, तेही आधी हातात किती मावेल हेच बघतात.

आता १८ रुपये.

माझे मामा मुंबईहून टू-इन-वन घेऊन आले होते, ती १९८६ ची दिवाळी. त्यांनी आजीला जात्याशी बसवलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. आजी लाजली, आधी नुसतीच नाचणी घालत राहिली, मग गाऊ लागली. पंधरा मिनिटं जात्याची घरघर आणि तिच्या ओव्या. मध्ये एकदा ती कोंबडीला हाकलते, तेही त्यात आहे. पुढच्या वर्षी आजी गेली. कॅसेट आईच्या कपाटात साड्यांखाली राहिली.

१९८८ मध्ये "कयामत से कयामत तक"ची गाणी सगळीकडे वाजत होती. मी अकरा वर्षांची. विविध भारतीवर गाणं लागलं, हाताशी कोरी कॅसेट नव्हती, कपाटातून एक काढली, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, ती घातली आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. गाणं संपल्यावर ऐकायला लावलं. गाणं संपलं, टक् झालं आणि आजी गाऊ लागली. ओवीच्या मधून, एका शब्दाच्या अर्ध्यातून.

आई दारात उभी होती. ती रागावली नाही. आत गेली आणि चुलीपुढे बसली. मला तिने मारलं असतं तर मी तिथेच रडले असते. ते न झाल्यामुळे मी कॅसेट रुमालात गुंडाळून अनवाणी बाजारात पळाले.

दाजींनी ती पूर्ण ऐकली. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून. परत मागे घेऊन तो जोड पुन्हा ऐकला. मी विचारलं, खालचं परत निघेल ना? पाटीवर ओल्या फडक्याने पुसलं तरी खडूची अक्षरं थोडी दिसतात, तसं माझ्या डोक्यात होतं. त्यांनी हेडफोन काढले आणि माझ्या उंचीला येण्यासाठी स्टुलावरून उतरून खाली बसले. "पुसला ता पुसला गे. उरला ता सांभाळूया."

मग त्यांनी टेपरेकॉर्डर उघडून मला दाखवलं. मोठ्या माणसाने अशा वेळी मुलाला समजावून पाठवून दिलं असतं. त्यांनी मला नेमकं काय झालं ते दाखवलं, आणि त्याने माझा श्वास परत आला. तपकिरी पट्टी डावीकडून उजवीकडे धावते. वाटेत तिला दोन डोकी भेटतात. पहिलं पुसणारं; साध्या टेपरेकॉर्डरमध्ये ते म्हणजे निव्वळ एक लोहचुंबक, रेकॉर्डचं बटण दाबलं की पट्टीला येऊन टेकणारा. दुसरं लिहिणारं, आणि तेच एरवी वाचणारंही. म्हणजे नवं लिहिण्याच्या आधी प्रत्येक वेळी जुनं साफ होतं. दाजींनी कापसाला स्पिरिट लावून ते दुसरं डोकं पुसलं आणि कापूस माझ्यापुढे धरला. त्यावर तांबूस डाग होता. "ह्यो गंज. ह्याच्यातच गाणी असतत." खरोखरच त्या पट्टीवर लोखंडाच्या गंजाच्या जातीचीच पूड असते, लोह आणि प्राणवायू यांची. आमच्या गावात जो गंज खिडक्यांचे गज खातो, त्याच्या एका भावंडात माझी आजी राहिली होती.

"आता ह्या बघ," म्हणून त्यांनी तो जोड मला हेडफोनवर ऐकवला. गाणं संपतं. टक्. मग लगेच आजी येत नाही. मध्ये एक अगदी छोटी जागा आहे, बारीक सर्र आवाजाची, बाकी काही नाही. कित्याक?

मला बराच वेळ लागला. बोटाने पट्टीचा प्रवास पुन्हा पुन्हा गिरवला. मग लख्ख दिसलं. मी बटण सोडलं त्या क्षणी पुसणाऱ्या आणि लिहिणाऱ्या डोक्यांच्या मध्ये जेवढी पट्टी होती, तेवढी पुसून झाली होती पण तिच्यावर लिहिणं व्हायचं होतं. ती तशीच कोरी राहिली. गाण्याने खाल्लेली साडेतीन-चार मिनिटं आणि त्यावर हे अर्धं सेकंद. दाजी म्हणाले, हे तू शोधलंस. मी रडायला लागले आणि त्यांनी मला रडू दिलं.

मग त्यांनी कॅसेट उभी धरली, तोंड आपल्याकडे, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्लास्टिकची इवलीशी पाकळी दाखवली. टेपरेकॉर्डरच्या आत एक बोट असतं, ते तिथे चाचपून बघतं. पाकळी असेल तर रेकॉर्डचं बटण खाली जातं. नसेल तर बोट खड्ड्यात जातं आणि बटण अडतं. प्रत्येक बाजूला एकेक पाकळी. बारीक स्क्रूड्रायव्हरने त्यांनी ती मोडली. कट्. "आता हिका कोण हात लावूचो नाय." वाटलं तर त्या खड्ड्यावर चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्ड करता येतं, हेही सांगितलं, कारण अर्धवट सांगणं त्यांना जमत नसे. मोडता येते आणि बुजवताही येते अशी पाकळी ज्याने आखली, त्याच्या मनात माझ्यासारखी एखादी पोर असणार, असं मला तेव्हा वाटलं. अजून वाटतं.

त्यांनी शोकेसमधून नवी कॅसेट काढली, दोन टेपरेकॉर्डर वायरने जोडले आणि उरलेल्या अकरा मिनिटांची प्रत केली. मूळ कॅसेट रोज वाजवायची नाही, रोज वाजवायची ती प्रत. ती होत असताना आजीचा आवाज दुकानाबाहेर रस्त्यावर जात होता. मासळी घेऊन जाणारी एक बाई पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. दाजींनी वहीत लिहिलं, "कोरी कॅसेट १८", आणि माझ्यापुढे हिशेब ठेवला. प्रत करण्याचे काही नाही. "मोठी झालंस काय दी." पहिल्या पगाराचे पैसे घेऊन मी गेले तेव्हा ते म्हणाले, वहयेत बघूक होया. नंतर जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा वही सापडत नसे.

दाजींचं आजोळ गोव्यात, फोंड्याच्या बाजूला. त्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची एक जुनी तबकडी दाजींकडे फडक्यात गुंडाळलेली असे, आणि दसऱ्याला अवजारांच्या पूजेत ती सगळ्यांत वर असायची. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं अमेरिकेने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी होती. पृथ्वीवरच्या संगीताचे २७ नमुने त्यात निवडले गेले आणि भारताचा म्हणून त्यात आहे तो केसरबाईंचा भैरवीतला साडेतीन मिनिटांचा गाण्याचा तुकडा. ५५ भाषांमधल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. यांतलं पहिलं यान २० ऑगस्टला निघालं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. दाजी ही तारखांची गोष्ट सांगताना दरवेळी थोडे थांबत.

पण त्यांना सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच. त्या तबकडीबरोबर वाजवण्याची सुईसुद्धा पाठवली आहे, आणि वरच्या झाकणावर सुई कुठे टेकवायची आणि तबकडी किती वेगाने फिरवायची याची चित्रं कोरली आहेत. "रेकॉर्ड धाडली, पण सुई नसात तर ते वाजयतले कशान?" ते म्हणत, आणि पुढचं वाक्य मला पाठ होतं, "कोणीतरी इचार केल्यान हा." लोक सोन्याबद्दल बोलतात, अंतराबद्दल बोलतात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त केले त्याला त्या खोक्यातली सुई दिसली.

२००७ साली मी कॅमेऱ्याचा मोबाईल घेतला आणि एक शोध घेऊन सावंतवाडीला गेले. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असलेला दिवा आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याचा प्रकाश अवरक्त असतो. पण मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघत बटण दाबलं तर तो जांभळट लुकलुकताना दिसतो. लुकलुकला नाही तर सेल संपले किंवा रिमोट गेला. दाजींनी मोबाईल हातात धरून पाच-सहा वेळा करून पाहिलं. चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "ह्या माका म्हायत नव्हता," असं त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मग उठले, ट्रान्झिस्टर घेतला, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेवर काटा आणला आणि रिमोट त्याला चिकटवून बटण दाबलं. टर्र, टर्र, टर्र. रिमोटमधल्या विजेच्या ठोक्यांची कुजबुज मीडियम वेव्हवर ऐकू येते. वीस वर्षं ते गावातले रिमोट असेच तपासत होते. मी डोळ्याने बघायला शिकले होते आणि ते कानाने. त्या दुपारी आम्ही दोघांनी शेजारच्या चार घरांतले रिमोट गोळा करून आणले आणि दोन्ही तऱ्हांनी तपासले. एक माझ्या तऱ्हेने चालू निघाला आणि त्यांच्या तऱ्हेने नाही, म्हणजे दिवा चालू होता आणि आतले ठोकेच अशक्त होते की काय, असा वाद संध्याकाळपर्यंत चालला. माझंच चुकलं होतं. रिमोट ठीक होता, ट्रान्झिस्टरचे सेल उतरले होते.

पुढे त्यांची नजर गेली. काचबिंदू. दुकान बंद झालं, पण शेजारपाजारचे रिमोट येत राहिले, कारण त्यासाठी डोळे लागत नव्हते. मी त्यांना बटणांचा साधा मोबाईल नेऊन दिला. त्यांनी अंगठा बटणांवरून फिरवला आणि मधोमध, ५ च्या आकड्यावर, थांबवला. तिथे एक उंचवटा असतो. टेलिफोनवर असतो, कॅल्क्युलेटरवर असतो, आणि संगणकाच्या कीबोर्डवर तर्जन्या टेकतात त्या दोन कळांवरही तशाच रेघा असतात. तो आपल्या बोटांखाली रोज जातो. दाजींनी तिथून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जात सगळे आकडे मोजले आणि माझा नंबर स्वतः लावला. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी मी तो उचलला आणि त्यांनी पलीकडून, म्हणजे समोरून, हाक मारली.

२०१७ च्या पावसाळ्यात दाजी गेले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ बिघडलं. संदेश येत होता, पण त्याला काही अर्थ नव्हता. यान २४०० कोटी किलोमीटरच्या आसपास. तिथे आज्ञा पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच. मार्च २०२४ मध्ये अभियंत्यांनी त्याच्या संगणकाला नुसतं डिवचण्याची एक आज्ञा पाठवली, त्यांच्या भाषेत तिला टोचणीच म्हणतात, आणि कुठून काय उत्तर येतं ते पाहिलं. त्यातून कळलं की स्मृतीचा काही भाग सांभाळणारी एक चिप मेली आहे. ती बदलणं शक्य नव्हतं. तिथे राहणारा मजकूर तुकडे करून जिथे जिथे जागा होती तिथे बसवला गेला, आणि २० एप्रिलला यान पुन्हा समजेल असं बोलू लागलं. मी ती बातमी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये वाचली. चहा तसाच राहिला. मला टेबलावरचा वाकड्या मानेचा दिवा दिसत होता आणि मधल्या पायावर टेकलेला स्क्रूड्रायव्हर.

त्या उन्हाळ्यात मी आजीची मूळ कॅसेट संगणकात उतरवली. आवाजाची आकृती पडद्यावर आली. गाण्याचा जाड पट्टा, मग जवळजवळ सपाट बारीक रेघ, मग आजी. जिच्याकडून उतरवून घेत होते ती मुलगी म्हणाली, ताई, हे मधलं कापून टाकू का? मी तिला थांबवलं आणि ती रेघ मोजायला सांगितली. ०.४२ सेकंद. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. गुणाकार केला, दोन सेंटिमीटर आले.

मामांचा टू-इन-वन सावंतवाडीला माळ्यावर होता. गणपतीला गेले तेव्हा तो उतरवून झाकण उघडलं, कापसाने धूळ पुसली आणि पुसणाऱ्या डोक्यापासून लिहिणाऱ्या डोक्यापर्यंत फूटपट्टी लावली. आई शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी होती.

"किती?" तिने विचारलं.

"दोन."

तिने फूटपट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लावून पाहिली.